गळ्यातला गंधार: जेलिफिशचा 'स्पिल्ट मिल्क' कसा ऐकावा

सुरुवात अंगाईने होते. 'हश' हे जेमतेम दोन मिनिटांचं गाणं. लेकराला निजवणारे शब्द, आणि त्या शब्दांना उचलून धरणारे गळे, थरावर थर रचलेले. वाद्यं जवळजवळ नाहीतच. शेवटचा सूर विरायच्या आत 'जॉइनिंग अ फॅन क्लब' सुरू होतं आणि गिटारी अंगावर कोसळतात. निजवलेलं मूल दचकून उठावं तसं होतं. पहिल्यांदा हेडफोन लावून ऐकलं तेव्हा मी खरोखर दचकले होते, आणि मग कितीतरी वेळ फक्त तो सांधाच मागेपुढे करून ऐकत बसले होते.

हा अल्बम म्हणजे जेलिफिश या सॅन फ्रान्सिस्कोच्या बँडचा 'स्पिल्ट मिल्क'. फेब्रुवारी १९९३ मध्ये आला. १२ गाणी, पाऊण तास. अमेरिकेच्या बिलबोर्ड २०० यादीत तो १६४ व्या क्रमांकाच्या वर गेला नाही. ब्रिटनमध्ये २१ व्या क्रमांकापर्यंत पोचला, पण बँडला तगवायला तेवढं पुरेसं नव्हतं. पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, बँड मोडला. नव्वदच्या दशकात पॉवर पॉप नावाच्या गाण्याला नवी पालवी फुटली, त्यातला इतक्या मायेने आणि मेहनतीने घडवलेला दुसरा अल्बम मला सापडलेला नाही. तो ऐकायला पाश्चात्त्य संगीताचा अभ्यास लागत नाही. दोन-चार गोष्टी कळल्या की मात्र तो वेगळाच ऐकू येतो, आणि त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आपल्या घरातल्या पेटीवर समजते.

आधी 'पॉवर पॉप' म्हणजे काय ते पाहू. 'द हू' या इंग्लिश बँडच्या पीट टाउनझेंडने १९६७ मध्ये आपल्या संगीताबद्दल बोलताना हा शब्द वापरला. त्यातली गंमत दोन परस्परविरोधी गोष्टी एकत्र नांदण्यात आहे. चाल गोड, गुणगुणण्याजोगी, ध्रुवपद एकदा ऐकलं की डोक्यात बसणारं. पण वाजवणं मात्र दणदणीत: गिटारी फाटेस्तोवर मोठ्या आणि ड्रम आडदांड. गोडवा नुसता ठेवला तर गाणं गुळचट होतं, जोर नुसता ठेवला तर ते ठोकाठोकीचं होतं. तीन-साडेतीन मिनिटांत दोन्ही तोलून धरायचे, हा या प्रकाराचा सगळा खेळ.

आता पेटी काढा. आपलं संगीत एका वेळी एका सुराच्या वाटेने चालतं. वारकरी भजनात पन्नास टाळकरी असले तरी सगळे एकच सूर म्हणतात, त्यातच त्याची ताकद आहे. पाश्चात्त्य गाण्यात मात्र एकाच क्षणी वेगवेगळे सूर एकमेकांना टेकून उभे असतात. गोव्यातला मांडो ज्यांनी ऐकला असेल त्यांना हे पटकन कळेल: एक गळा चाल म्हणतो आणि दुसरा तिच्या दोन सूर वरून किंवा खालून सोबत चालतो. सा, ग, प एकदम दाबा. हा झाला प्रसन्न कॉर्ड. आता ग सोडून कोमल ग घ्या. खोलीतला दिवा कुणीतरी बारीक केल्यासारखं वाटेल. फक्त मधला सूर एक पट्टी सरकला आणि सगळा भाव बदलला.

आणखी एक करून पाहा. म, ध, सां एकदम वाजवा. मग ध कोमल करा, बाकीचे दोन सूर तसेच ठेवा. मग सा, ग, प वर परत या. त्या मधल्या क्षणी काळजात बारीकशी कळ येते, आणि घरी परतताच ती विरते. बीटल्सच्या काळापासून या धाटणीची गाणी रचणारे असे छोटे वळसे जपून वापरत आले आहेत. आनंदाच्या गाण्यात अचानक हुरहुर का दाटून येते, याचं उत्तर बरेचदा अशा एका पट्टीच्या सरकण्यात सापडतं.

आता गिटारीकडे. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज अ‍ॅम्प्लिफायरला झेपेल त्याच्या पलीकडे वाढवला की ध्वनिलहरींचे शेंडे कापले जातात आणि मूळ सुरांत नसलेले उपसूर तयार होतात. तो खरखरीत, रागीट आवाज म्हणजे डिस्टॉर्शन. सा आणि प यांच्या कंपनांचं नातं दोनास तीन इतकं सरळ आहे, म्हणून त्या दोघांमधून निघणारे उपसूर एकमेकांशी जमवून घेतात आणि आवाज भरदार होतो. त्यात ग घातला की गर्दी होते, चिखल होतो. त्यात पुन्हा गिटारच्या पट्ट्यांवरचा ग पेटीतल्या गंधारासारखाच नैसर्गिक गंधारापेक्षा थोडा चढा असतो, आणि हे डिस्टॉर्शनमध्ये फार टोचतं. म्हणून जोरकस गिटार वाजवणारे पुष्कळदा फक्त सा आणि प वाजवतात. याला ते पॉवर कॉर्ड म्हणतात.

पण मग तो कॉर्ड हसरा की उदास, हे सांगणार कोण? सांगणारा सूर तर गंधार, आणि तोच गायब.

तो गळ्यातून येतो. माझ्या मते पॉवर पॉपचं मर्म इथे आहे. गिटारी सा-प ची भिंत उभी करतात आणि गाणारे त्या भिंतीत गंधाराची खिडकी उघडतात. गळ्याला पट्ट्यांचं बंधन नसतं, त्यामुळे तो नैसर्गिक गंधाराच्या जवळ जाऊन उभा राहू शकतो. आपल्याकडे तंबोरा नीट लागला की त्यात न छेडलेला स्वयंभू गंधार ऐकू येतो आणि बैठकीतली माणसं डोळे मिटतात. पॉवर पॉपमध्ये तो आपोआप उमटण्याची वाट न पाहता गाऊन घातलेला असतो. दुसऱ्या आवाजाशिवाय हा प्रकार उभाच राहत नाही, तो याचमुळे.

जेलिफिशची गंमत अशी की त्यांनी एका गंधारावर भागवलं नाही. रॉजर मॅनिंग आणि अँडी स्टर्मर हे दोघे कॅलिफोर्नियातल्या प्लेझंटन गावचे शाळासोबती. मॅनिंग कळफलकाच्या वाद्यांतला उस्ताद: पियानो, हार्पसिकॉर्ड, जुने सिंथेसायझर. स्टर्मर मुख्य गायक आणि ड्रमवादकही, आणि कार्यक्रमात तो ड्रमसेट रंगमंचाच्या अगदी पुढे मांडून उभ्याने वाजवत वाजवत गायचा. दोन्ही हात आणि पाय तालात गुंतलेले असताना एवढ्या वळणांच्या चाली गायच्या, याला काय मेहनत लागत असेल, हे तबला वाजवत गाऊन पाहिलेल्याला सांगायला नको. १९९० मध्ये त्यांचा पहिला अल्बम 'बेलीबटन' आला. त्यात गिटार वाजवणारा जेसन फॉकनर स्वतः उत्तम गीतकार होता, पण त्याच्या गाण्यांना बँडमध्ये जागा मिळाली नाही आणि तो बाहेर पडला. दुसऱ्या अल्बमसाठी गिटारीला जॉन ब्रायन आणि लाइल वर्कमन आले, बेसला टिम स्मिथ. यातला जॉन ब्रायन पुढे हॉलिवुडचा नावाजलेला चित्रपट-संगीतकार झाला.

१९९२ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये कित्येक महिने ध्वनिमुद्रण चाललं. मॅनिंग आणि स्टर्मर यांच्या जोडीला निर्माते होते आल्बी गॅल्युटेन आणि जॅक जोसेफ प्विग. गॅल्युटेन हा बी जीज या बँडच्या 'स्टेइंग अलाइव्ह' या गाण्याच्या निर्मात्यांपैकी एक. त्या गाण्याच्या वेळी ड्रमवादक हजर नव्हता, म्हणून त्यांच्याच दुसऱ्या गाण्याच्या टेपमधला ड्रमचा छोटासा तुकडा कापून, त्याची टोकं जोडून, तो गोल गोल फिरवला होता. टेप हीच ज्यांची कार्यशाळा होती, अशा पिढीतला हा माणूस.

टेपवर गळ्यांचे थर कसे रचतात, ते समजून घेण्यासारखं आहे. स्टुडिओतल्या रुंद टेपवर शेजारी शेजारी चोवीस वाटा असतात असं समजा. पहिल्या वाटेवर ड्रम, दुसऱ्यावर बेस, असं एकेक नोंदवत जायचं. गायक एक ओळ गातो. मग तीच ओळ, तोच सूर, हेडफोनमध्ये स्वतःला ऐकत पुन्हा गातो. कितीही अचूक गायला तरी दोन खेपांमध्ये केसभर फरक पडतो, आणि त्या केसभर फरकामुळेच आवाज जाड, मखमली होतो. मग तीच ओळ दोन सूर वरून, मग आणखी वरून, प्रत्येक दोनतीनदा. वाटा संपत आल्या की आठ-दहा गळे मिसळून दोन वाटांवर उतरवायचे आणि रिकाम्या झालेल्या वाटांवर पुढचे थर चढवायचे. क्वीन या इंग्लिश बँडने १९७५ मध्ये 'बोहेमियन रॅप्सडी'त तीन माणसांचा मोठा गायकवृंद केला तो याच वाटेने. सूर आपोआप दुरुस्त करणारं ऑटो-ट्यून १९९७ मध्ये आलं. 'स्पिल्ट मिल्क' मधला प्रत्येक गळा खरोखर त्या सुरावर उभा राहिलेला आहे, आणि बेसूर झाला की ती ओळ पुन्हा गायली गेलेली आहे. मला हे कळल्यावर 'हश' मधली शांतता वेगळीच वाटायला लागली. ती शांतता कष्टाने मिळवलेली आहे.

अल्बमच्या उत्तरार्धात असाच एक सांधा आहे. 'ऑल इज फर्गिव्हन' या गाण्यात ड्रम गडगडतात, गिटारींवर गिटारी चढत जातात आणि शेवटी तो आवाज इतका दाटतो की श्वास कोंडावा. आणि मग एकदम तुकडा पडतो. क्षणात 'रशियन हिल' सुरू होतं: साधी लाकडी गिटार, शांत गळा. रशियन हिल हा सॅन फ्रान्सिस्कोमधला टेकडीवरचा भाग. वादळातून धडपडत घरात शिरावं, दार लावून घ्यावं आणि घड्याळाची टिकटिक ऐकू यावी, तसं वाटतं. ही दोन गाणी वेगवेगळी ऐकली तर निम्मा अर्थ सांडतो. आजकाल गाणी सुटी सुटी, मिसळून ऐकण्याची सवय आहे, पण हा अल्बम तरी कृपा करून सलग ऐका.

बाकी गाण्यांबद्दल थोडक्यात. 'न्यू मिस्टेक' हे मला यातलं सर्वांत सुबक गाणं वाटतं. चाल इतकी सहज वाहते की तिच्यातली अवघड वळणं लक्षातही येत नाहीत. 'द घोस्ट अ‍ॅट नंबर वन' मध्ये मेल्यावरच यादीच्या शिखरावर पोचणाऱ्या गायकाची सावली आहे. 'सेब्रिना, पेस्ट अँड प्लेटो' हे शाळेतल्या पोरांचं गाणं, तर 'बाय, बाय, बाय' जत्रेतल्या बाजासारखं डुलतं. 'टू मच, टू लिटल, टू लेट' हे निखळ पॉवर पॉप, कुणाला या प्रकाराचा नमुना द्यायचा झाला तर मी हेच देते. आणि शेवटचं 'ब्रायटर डे' म्हणजे सर्कशीचा तंबू. इथे मात्र माझी थोडी तक्रार आहे. दोन-तीन ठिकाणी सजावट इतकी होते की मूळ चाल दागिन्यांखाली दबते. ज्यांना हा अल्बम आवडत नाही ते नेमकं याकडेच बोट दाखवतात, आणि त्यांचं सगळंच चूक नाही.

मग एवढं असून तो दुर्लक्षित का राहिला?

पॉवर पॉपला अपयशाची परंपरा फार जुनी आहे. मेम्फिसच्या बिग स्टार या बँडचा पहिला अल्बम १९७२ मधला. पुढच्या पिढ्यांनी तो गुरुमंत्रासारखा जपला, पण त्या वेळी वितरणाच्या घोळात दुकानांत नीट पोचलाच नाही. १९७९ मध्ये 'द नॅक'चं 'माय शरोना' सहा आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. कंपन्यांनी तसल्याच बँडांची रांग लावली, लोक कंटाळले आणि लाट ओसरली. नव्वदच्या सुरुवातीला ती पुन्हा उठली. १९९१ या एका वर्षात मॅथ्यू स्वीटचा 'गर्लफ्रेंड', शिकागोच्या मटेरियल इश्यूचा 'इंटरनॅशनल पॉप ओव्हरथ्रो' आणि ग्लासगोच्या टीनएज फॅनक्लबचा 'बँडवॅगनेस्क' आला. 'स्पिन' मासिकाने वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून 'बँडवॅगनेस्क' निवडला. त्याच वर्षी निर्वाणा या अमेरिकन बँडचा 'नेव्हरमाइंड'ही आला होता, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या निवडीचं वजन कळतं.

पण जानेवारी १९९२ मध्ये 'नेव्हरमाइंड' पहिल्या क्रमांकावर पोचला आणि श्रोत्यांच्या कानाची दिशा फिरली. निर्वाणाच्या गाण्यांतही चाली गोडच होत्या, बीटल्सचं ऋण तिथेही होतं. बदललं ते ऐकणाऱ्याचं माप. आता गायकाचा घसा फाटला की ते सच्चं, चाल खडबडीत राहिली की ते प्रामाणिक. मेहनत दिसली की संशय यायचा. विटक्या चौकटीच्या शर्टांच्या त्या काळात जेलिफिश रंगीबेरंगी कपड्यांत, हार्पसिकॉर्ड घेऊन उभे होते. माझ्या मते हा त्यांचा दोष नव्हता, पण त्या माणसांना वर्षा-दोन वर्षांत वेगळं कुणी होताही आलं नसतं.

बाजारही त्याच सुमारास हलला होता. २५ मे १९९१ पासून बिलबोर्डने अल्बमची यादी करायची पद्धत बदलली. तोवर दुकानदार 'आमच्याकडे काय खपतंय' ते कळवायचे, आणि त्यात त्यांची आवड, अंदाज, कंपन्यांची मनधरणी सगळं मिसळायचं. आता काउंटरवर बारकोड वाचून खरा खप मोजला जाऊ लागला. यादी अधिक खरी झाली. कंट्री, रॅप आणि जोरकस रॉक आधी वाटत होतं त्याहून कितीतरी जास्त खपतं, हे आकड्यांत दिसलं आणि कंपन्यांचा पैसा तिकडे वळला. त्यात जेलिफिशचं लेबल करिझ्मा हे व्हर्जिनच्या छत्राखालचं, आणि व्हर्जिन कंपनी १९९२ मध्येच ईएमआयने विकत घेतली. घर विकलं जातं तेव्हा कोपऱ्यातल्या भाडेकरूकडे कोण पाहणार? महिनोन्‌महिने स्टुडिओत काढून घडवलेला खर्चिक अल्बम अशा वेळी बाजारात आला.

बँड मोडला तो मुख्यतः मॅनिंग आणि स्टर्मर यांच्या वाटा वेगळ्या झाल्यामुळे. पण त्यांची गाणी इतर गळ्यांतून पोचत राहिली, आणि मला याचं फार अप्रूप वाटतं. १९९२ मध्ये प्रत्यक्ष बीटल्सच्या रिंगो स्टारने या दोघांचं 'आय डोन्ट बिलीव्ह यू' आपल्या अल्बमवर गायलं. ज्यांच्याकडून हे सगळं शिकले त्यांच्यातल्याच एकाने यांचं गाणं गायलं. 'बेलीबटन' मधलं 'बेबीज कमिंग बॅक' २००७ मध्ये मॅकफ्लाय या पोरसवदा बँडने गायलं आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. मॅनिंग पुढे बेक या अमेरिकन गायकाबरोबर वाजवत राहिला.

स्टर्मरची वाट तर थेट आपल्या घरांपर्यंत येते. जपानमधल्या दोन गायिकांच्या जोडीला पफी हे नाव त्यानेच दिलं, आणि त्यांच्यासाठी तो गाणी करू लागला. 'टीन टायटन्स' या कार्टूनचं शीर्षकगीत त्याने लिहिलं आणि पफीने (अमेरिकेत त्यांचं नाव पफी अ‍ॅमीयुमी) ते गायलं. २००३ नंतर कार्टून नेटवर्क पाहत वाढलेल्या कुणालाही ते गाणं आजही आठवेल. ते पुन्हा ऐका: जोरदार गिटारी, चटकन पकडणारं ध्रुवपद, आणि गिटारींच्या वर तरंगणारे दोन गळे. पॉवर पॉप तुम्ही दहा वर्षांचे असतानाच ऐकलेलं आहे.

या गाण्याची माणसंही हळूहळू एकमेकांना सापडली. १९९८ पासून लॉस एंजेलिसमध्ये 'इंटरनॅशनल पॉप ओव्हरथ्रो' याच नावाने महोत्सव भरू लागला. २००२ मध्ये नॉट लेम या छोट्या लेबलने जेलिफिशच्या ध्वनिमुद्रणांचा चार सीडींचा संच काढला, नाव ठेवलं 'फॅन क्लब'. आणि २०१२ मध्ये एक विलक्षण गोष्ट बाहेर आली: 'स्टॅक-अ-ट्रॅक्स'. बीच बॉइजने १९६८ मध्ये आपल्या गाण्यांतले गळे काढून नुसती वाद्यं प्रसिद्ध केली होती, त्या अल्बमच्या नावावरून हे नाव. यात जेलिफिशच्या दोन्ही अल्बममधली गाणी गळ्यांशिवाय आहेत.

मूळ अल्बम मनात पुरता मुरला की हे ऐकून पाहा. एरवी गळ्यांमागे झाकलेली केवढी बारीक कामं उघडी पडतात: हार्पसिकॉर्डची एखादी गिरकी, बेसची स्वतःची वेगळी चाल. आणि 'जॉइनिंग अ फॅन क्लब'च्या ध्रुवपदापाशी गिटारी तशाच गरजत येतात, सा-प ची भिंत उभी राहते, मधली जागा मोकळी असते. मी स्वयंपाकघरात असले, हात पिठात असले, तरी त्या जागी माझा गळा आपोआप गंधारावर जाऊन उभा राहतो.